पदवी, प्रमाणपत्र आणि पत

पारशिवनीच्या बाजारातले एखादे जुने जैन घर डोळ्यांपुढे आणावे. खाली किराणा आणि बी-बियाण्यांचे दुकान, वर तीन पिढ्यांचा संसार. जून महिना असल्याने खाली पेरणीच्या खरेदीची झुंबड आहे आणि वर बारावीच्या दोन गुणपत्रिका समोर ठेवून विचारविनिमय चालला आहे. एक गुणपत्रिका थोरल्या भावाच्या मुलाची, दुसरी धाकट्याच्या मुलीची. दोघांनीही सीईटी दिली आहे, दोघांनाही संगणकाच्या क्षेत्रात जायचे आहे. मुलाला नागपुरात वसतिगृहात ठेवून अभियांत्रिकीची चार वर्षे, हे जवळपास ठरले आहे. मुलीला ‘एखादा चांगला कोर्स’ पुरे, असे कोणी उघड बोललेले नाही. सर्वांनी ते गृहीत धरले आहे. पुण्याहून आलेले मामा सांगतात, की आता पदवी कोणी विचारीत नाही, हाती कौशल्य हवे. काकांचे म्हणणे, पदवी नसेल तर दारातच अडवतात. आजोबा बराच वेळ ऐकून घेतात आणि मग व्यापाऱ्याचा प्रश्न विचारतात : “या मालाला गिऱ्हाईक कोण, ते आधी सांगा.”

हे घर कल्पनेतले आहे. पण तालुक्याच्या गावी व्यापार करणाऱ्या कुटुंबांत दर पावसाळ्याच्या तोंडावर अशीच बैठक बसते, आणि तिच्यात आजोबांचा प्रश्न बहुधा तसाच राहून जातो. पदवी, प्रमाणपत्र आणि अनुभव यांत श्रेष्ठ कोणते, यावर वाद रंगतो; पण तिन्हींचे गिऱ्हाईक वेगळे, तिन्हींचा टिकाऊपणा वेगळा, याकडे लक्ष जात नाही.

पदवी प्रामुख्याने तेथे खपते, जेथे घेणाऱ्याला माणूस ओळखीचा नसतो आणि अर्ज मात्र हजारोंनी आलेले असतात. महाविद्यालयांत येऊन भरती करणाऱ्या अनेक मोठ्या सॉफ्टवेअर कंपन्या दहावी, बारावी आणि पदवी या तिन्ही टप्प्यांवर ६० टक्के गुणांची अट घालतात. साठ टक्के मिळवणारा मुलगा उत्तम प्रोग्रॅम लिहील, अशी त्यांचीही समजूत नसते. ती चाळणी आहे. चाळणीवर राग धरण्यात अर्थ नाही, पण धान्य चाळणीतून उतरले म्हणजे शिजले असेही नव्हे.

सरकारी बँकांत माहिती-तंत्रज्ञान अधिकारी नेमण्यासाठी आयबीपीएस जी परीक्षा घेते, तिची पात्रता या दृष्टीने वाचण्यासारखी आहे. संगणक, माहिती-तंत्रज्ञान किंवा इलेक्ट्रॉनिक्ससारख्या विषयांतील चार वर्षांची अभियांत्रिकी पदवी, अथवा या विषयांतील पदव्युत्तर पदवी, अथवा कोणत्याही शाखेच्या पदवीधराने उत्तीर्ण केलेली ‘डोएक’ची ‘बी’ पातळी. हा तिसरा मार्ग आपल्या घरांत फारसा कोणाला ठाऊक नसतो. डोएक म्हणजे आजची नायलिट, ही केंद्र सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स व माहिती-तंत्रज्ञान मंत्रालयाची संस्था. तिच्या ‘ओ’, ‘ए’, ‘बी’ आणि ‘सी’ अशा पायऱ्या आहेत. म्हणजे वाणिज्य शाखेचा पदवीधरही सरकारमान्य परीक्षेच्या वाटेने त्या टेबलापर्यंत पोहोचू शकतो. मात्र पदवी हातात हवीच. कितीही कुशल असलेल्या बारावी उत्तीर्णाला तेथे अर्जसुद्धा भरता येत नाही.

परदेशाच्या दारात हिशेब आणखी काटेकोर होतो. अमेरिकेच्या एच-१बी व्हिसासाठी तेथील चार वर्षांच्या पदवीशी तुल्य शिक्षण लागते, आणि महाविद्यालयीन शिक्षणाच्या प्रत्येक उण्या वर्षाच्या बदल्यात त्या कामातील तीन वर्षांचा अनुभव धरण्याचा नियम आहे. आपल्याकडील तीन वर्षांची पदवी तेथे अनेकदा एक वर्षाने कमी मोजली जाते. नागपूर विद्यापीठाची बी.सी.सी.ए. ही वाणिज्य आणि संगणक यांचा मेळ घालणारी पदवी व्यापारी घरांना सोयीची वाटते, आणि ती वाईट मुळीच नाही. पण ती घेणाऱ्याने ही वजावट आधीच ठाऊक करून घ्यावी. तीनास एक, हा अनुभवाचा सरकारी विनिमयदर आहे. तो कोणाला अन्यायाचा वाटेल, परंतु निदान तो लिहिलेला तरी आहे.

पदवीचे हे महत्त्व पहिल्या दारापुरते अधिक असते. दुसऱ्या नोकरीच्या मुलाखतीत महाविद्यालयाचे नाव एका वाक्यात संपते आणि पुढचा तासभर ‘तुम्ही स्वतः काय केले’ यावर जातो. बिल गेट्स यांनी हार्वर्ड अर्धवट सोडले, हा दाखला देणारे मामा प्रत्येक घरात असतात. गेट्स वयाच्या तेराव्या वर्षी, १९६८ च्या सुमारास, शाळेतील संगणकावर प्रोग्रॅम लिहू लागले होते, आणि हार्वर्ड सोडताना त्यांच्याजवळ सहा-सात वर्षांचा अनुभव जमा होता, एवढी पुस्ती त्या दाखल्याला जोडायची राहते.

आता प्रमाणपत्रे. या शब्दाखाली अगदी भिन्न वस्तू एकत्र विकल्या जातात, आणि फसगत होते ती याच काउंटरवर. एम.एस.-सी.आय.टी. हे महाराष्ट्रात घरोघरी पोहोचलेले प्रमाणपत्र २००१ मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र नॉलेज कॉर्पोरेशनचे. राज्य शासनाच्या नोकरीत संगणक अर्हता म्हणून ते चालते, तेवढ्यापुरते ते आवश्यक आहे. त्याच्या बळावर सॉफ्टवेअरची नोकरी मिळेल ही अपेक्षा मात्र चुकीची. दुसऱ्या टोकाला रेड हॅटसारख्या कंपनीच्या परीक्षा आहेत. तेथे पर्यायांवर खुणा करायच्या नसतात. चालू संगणक समोर ठेवला जातो आणि नेमून दिलेल्या वेळात काम करून दाखवावे लागते. या दोहोंच्या मध्ये पाठांतराने सुटणाऱ्या परीक्षांचा मोठा बाजार आहे. आधीच्या परीक्षार्थींनी बाहेर आणलेले प्रश्न विकत घेऊन पास होणारेही त्यात आहेत, आणि मुलाखत घेणाऱ्याला ते दहा मिनिटांत कळते.

प्रमाणपत्राचा खरा स्वभाव व्यापाऱ्याला चटकन उमजावा असा आहे : तो मुदतीचा माल आहे. सिस्कोचे सी.सी.एन.ए. तीन वर्षे चालते, ॲमेझॉनच्या क्लाउड सेवेची प्रमाणपत्रेही तीन वर्षे. मायक्रोसॉफ्टची कामनिहाय प्रमाणपत्रे एका वर्षात संपतात. मुदतीपूर्वी ऑनलाइन चाचणी देऊन ती विनामूल्य नवी करून घेता येतात. बियाण्याच्या पिशवीवरची तारीख पाहिल्याशिवाय जो माल उतरवून घेत नाही, तोच गृहस्थ मुलाच्या प्रमाणपत्राची तारीख पाहत नाही. काम समोर दिसत असताना, त्या कामासाठी घेतलेले प्रमाणपत्र उपयोगी पडते. नोकरी नाही म्हणून एकामागून एक घेत गेलेली पाच प्रमाणपत्रे गोदामात पडून राहतात आणि एकेक करून मुदतबाह्य होतात.

आणखी एक गोष्ट जैन कुटुंबांनी आधी विचारून घ्यावी. नेटवर्क आणि सर्व्हर सांभाळण्याच्या ज्या नोकऱ्या या प्रमाणपत्रांवर मिळतात, त्यांतील पुष्कळ पाळ्यांच्या असतात, रात्रपाळीच्याही. ज्या घरात चौविहार पाळला जातो, तेथे हा प्रश्न नोकरी लागल्यानंतर नव्हे, शुल्क भरण्यापूर्वी बोलला जावा.

शुल्काचा विषय निघाला म्हणून कर्जाचाही. मान्यताप्राप्त पदवी अभ्यासक्रमासाठी बँकांच्या आदर्श शैक्षणिक कर्ज योजनेत ४ लाख रुपयांपर्यंत पदरचा हिस्सा घालावा लागत नाही, आणि पतहमी योजनेखाली साडेसात लाखांपर्यंतचे कर्ज तारणाविना मिळू शकते. परतफेड अभ्यासक्रम संपल्यावर वर्षभराने सुरू होते. व्याजावर आयकराच्या ८०ई कलमाची वजावट आठ वर्षे मिळते, पण फक्त जुन्या करप्रणालीत. नव्या प्रणालीत गेलेल्या व्यापाऱ्याने ती हिशेबात धरू नये. कौशल्य अभ्यासक्रमांसाठी वेगळी कर्जयोजना आहे, तिची मर्यादा २०२४ मध्ये दीड लाखावरून साडेसात लाखांवर नेली गेली. हे सर्व सोडून ‘नोकरीची हमी’ देणाऱ्या खासगी वर्गात जेव्हा शुल्काऐवजी ‘सोपे हप्ते’ सुचवले जातात, तेव्हा कागद शांतपणे वाचावा. तो हप्ता बहुतेक वेळा वर्गाचा नसतो, एखाद्या वित्त कंपनीचे ते कर्ज असते. वर्ग बंद पडला तरी कर्ज चालू राहते, आणि थकले तर पालकाच्या किंवा मुलाच्या पतनोंदीवर डाग पडतो. ज्या घराने चार पिढ्या उधारी वेळेवर फेडली, त्या घराच्या मुलाची पत वयाच्या विसाव्या वर्षी बिघडावी, याहून महाग कोर्स कोणता?

अनुभवाचे गिऱ्हाईक कोण, हे सांगण्यापूर्वी अनुभव कशाला म्हणायचे ते पाहिले पाहिजे. बँकांच्या संगणकीकरणाचा इतिहास येथे उपयोगी पडतो. डॉ. सी. रंगराजन समितीच्या १९८४ च्या अहवालानंतर शाखांमध्ये लेजर पोस्टिंगची यंत्रे येऊ लागली. ती चालवायला अभियंते आले नाहीत. कालपर्यंत जाड लेजरांत लेखणीने नोंदी करणाऱ्या लिपिकांनाच थोडे प्रशिक्षण देऊन यंत्रापुढे बसवले गेले. त्यांतील काहींनी पुढची पंधरा वर्षे तीच कळ दाबली. काहींनी मात्र यंत्र अडले की का अडले ते शोधले, रात्रीचा ताळा जुळेना तेव्हा चूक यंत्राची की नोंदीची हे ओळखायला ते शिकले, आणि पुढे शाखा कोअर बँकिंगवर नेताना बँकेला त्यांचीच गरज पडली. दोघांच्या सेवापुस्तिकेत वर्षे सारखीच आहेत. एकच वर्ष पंधरा वेळा जगलेला आणि पंधरा वर्षे जगलेला यांत फरक आहे, आणि चांगला मुलाखतकार नेमका तो शोधत असतो.

पुण्याच्या काटकर बंधूंची हकीकत या संदर्भात नुसती यशोगाथा म्हणून सांगितली जाते, ती जरा वेगळ्या नजरेने पाहावी. कैलास काटकर मूळचे सातारा जिल्ह्यातील, शिक्षण दहावीपर्यंत. कॅल्क्युलेटर दुरुस्तीच्या दुकानात ते कामाला लागले. एका बँकेत दुरुस्तीसाठी गेले असता त्यांनी प्रथम संगणक पाहिला आणि पुढचे दिवस या यंत्राचे आहेत हे ओळखले. स्वतःचे दुरुस्तीचे दुकान काढले, आणि १९९३ मध्ये कॅट कॉम्प्युटर सर्व्हिसेस. दुकानात येणाऱ्या संगणकांपैकी अनेकांचा बिघाड यंत्राचा नसून व्हायरसचा आहे, हे गिऱ्हाइकांमुळे कळत होते. त्यावर औषध तयार करणे दुरुस्ती करणाऱ्या हाताच्या आवाक्यातले नव्हते. ते धाकट्या भावाने केले. संजय काटकर संगणकशास्त्र शिकत होते, आणि त्यांनी ते शिकावे हा आग्रह थोरल्या, दहावीवर थांबलेल्या भावाचा होता. १९९५ मध्ये त्यांचा व्हायरसविरोधी प्रोग्रॅम बाजारात आला. २००७ मध्ये कंपनीने क्विक हील हे नाव घेतले आणि २०१६ मध्ये तिचे समभाग शेअर बाजारात नोंदले गेले. ही कथा पदवीविना यश मिळते हे सिद्ध करण्यासाठी वापरतात. पण ज्याच्याजवळ पदवी नव्हती, त्यानेच भावाच्या पदवीची किंमत अचूक केली होती, ही गोष्ट सांगणारे विसरतात.

जैन दर्शनात श्रुतज्ञान हे मतिज्ञानपूर्वक होते असे मानले आहे. इंद्रिये आणि मन यांच्याद्वारे वस्तूशी गाठ आधी, शब्दाने मिळणारे ज्ञान त्या पाठोपाठ. काटकरांच्या दुकानात हा क्रम दिसतो. आजच्या विद्यार्थ्याचा क्रम मात्र नेमका उलटा असतो : चार वर्षे शब्द आणि मग वस्तू. म्हणून नवा पदवीधर पहिल्या वर्षी गोंधळतो, आणि कंपन्या त्याला पुन्हा काही महिने शिकवतात.

हा क्रम सुधारण्याचे काही मार्ग आता निघाले आहेत. एचसीएलच्या टेकबी योजनेत बारावीनंतर प्रशिक्षण आणि काम लगेच सुरू होते, पदवी नोकरीसोबत पुरी करायची असते. या कंपनीचे केंद्र नागपूरच्या मिहानमध्येच आहे. विप्रो बी.सी.ए. किंवा बी.एस्सी. झालेल्यांना कामावर घेऊन स्वतःच्या खर्चाने एम.टेक. करवते. अशा योजनांत आरंभीचे वेतन बेताचे असते आणि नोकरी करून अभ्यास करणे सर्वांना पेलत नाही. पण ज्या घराला चार वर्षांचा खर्च जड आहे, त्याने तो पर्याय न पाहताच नाकारू नये.

अनुभवाच्या बाजारातही खोटा माल येतो. न केलेल्या नोकरीची पत्रे पैसे घेऊन देणारे आहेत, आणि ‘सगळेच करतात’ म्हणून ती घेणारे तरुणही आहेत. कंपन्या आता भविष्यनिर्वाह निधीच्या क्रमांकावरून मागच्या सेवेची तपासणी करतात, त्यामुळे हे उघड होते आणि लागलेली नोकरी जाते. उघड झाले नाही तरी काय? सत्याणुव्रताच्या अतिचारांत कूटलेखक्रिया, म्हणजे खोटा लेख तयार करणे, स्पष्ट नावानिशी गणली आहे. श्रावकाच्या मुलाने ते कारण आधी पाहावे, भविष्यनिर्वाह निधीचे नंतर.

आता आजोबांच्या भाषेत ताळेबंद मांडता येईल. पदवी ही स्थावर मालमत्ता : घेताना महाग, घसारा फार थोडा, दहा वर्षे कुलूप लावून ठेवली तरी नावावर राहते. प्रमाणपत्र हा मुदतीचा माल. आणि अनुभव ही दुकानाची ख्याती आहे. चालत्या व्यवहारात तिची किंमत सर्वांत मोठी, पण दुकान दोन-तीन वर्षे बंद ठेवले की गिऱ्हाईक दुसरीकडे वळते. संगणकक्षेत्रात साधने इतक्या वेगाने बदलतात की ही ख्याती इतर धंद्यांपेक्षाही लवकर विरते.

हा ताळेबंद खरा असेल, तर माजघरातली ती गृहीत धरलेली वाटणी उलटी पडते. मुलाची नोकरी सहसा सलग चालेल. आज पदवी कमी पडली तरी त्याचा अनुभव साठत जाईल आणि उणीव हळूहळू भरून निघेल. मुलीच्या बाबतीत, आजची घरे जशी आहेत तशी धरून चालले तर, विवाह, गाव बदलणे आणि मुले यांमुळे दोन, चार, कधी सहा वर्षांचा खंड पडण्याचा संभव अधिक. त्या खंडात तिचे प्रमाणपत्र संपलेले असेल आणि अनुभव जुना झालेला असेल. टिकेल ती पदवी. खंड पडलेल्या स्त्रियांना परत घेण्याच्या योजना निघाल्या आहेत; टाटा समूहाने २००८ मध्येच तशी एक सुरू केली होती. पण अशा ठिकाणी परतणाऱ्या स्त्रीकडे दाखवायला काहीतरी न संपलेले असावे लागते. आणि ज्या मुलीला ‘एखाद्या कोर्स’वर भागवायचे ठरते, तिच्याजवळ नेमके तेच नसते. घर कमी खर्चाचा कागद तिला देते, आणि तो सर्वांत आधी निकामी होणारा असतो.

खर्चाची सबबही आता पूर्वीसारखी उरलेली नाही. २०२४-२५ पासून महाराष्ट्र शासनाने आर्थिकदृष्ट्या मागास, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास आणि इतर मागास प्रवर्गांतील, वार्षिक ८ लाख रुपयांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबांतील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ केले आहे. प्रवेश केंद्रीभूत फेऱ्यांतून घेतलेला असावा. अभिमत आणि स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठे यात येत नाहीत. मुलग्यांना त्याच उत्पन्नमर्यादेत राजर्षी शाहू शिष्यवृत्तीतून निम्म्या शिक्षण शुल्काची सवलत असते. म्हणजे तालुक्याच्या गावातील पुष्कळ मध्यम व्यापाऱ्यांच्या घरी मुलीची अभियांत्रिकी मुलापेक्षा स्वस्त पडते. वसतिगृहाची काळजी असेल तर शांतिनाथांच्या दर्शनाला जेथे वर्षातून चार फेऱ्या होतात, त्या रामटेकलाच १९८५ पासून कविकुलगुरू इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी अँड सायन्स हे अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. जैन अल्पसंख्याक दर्जाची महाविद्यालये असतील तेथील राखीव जागाही पर्यायांच्या यादीत घालाव्यात.

अनुभवाच्या बाबतीत तर दुकानदाराचे मूल शहरी मुलापेक्षा पुढे असू शकते, हे कोणाच्या ध्यानात येत नाही. ज्या टॅलीवर दुकानाचे हिशेब चालतात, ते सॉफ्टवेअर असेच जन्मले. बंगळुरूचे श्यामसुंदर गोयनका यांना आपल्या धंद्याचा जमाखर्च ठेवण्यास मनाजोगता प्रोग्रॅम मिळेना, तेव्हा गणिताचे पदवीधर असलेले त्यांचे पुत्र भरत यांनी तो लिहिला. १९८६ मध्ये कंपनी उभी राहिली आणि २०२० मध्ये भरत गोयनका यांना पद्मश्री मिळाली. पारशिवनीच्या त्या घरी टॅलीच्या नोंदी आणि जीएसटीची विवरणपत्रे दोन वर्षांपासून मुलगी पाहते. पुरवठादारांची बिले २बी विवरणाशी जुळवताना दर महिन्याला तिचे दोन दिवस जातात. ही जुळवणी करणारा छोटा प्रोग्रॅम तिने लिहिला, दुकानाची खरी माहिती वगळून तो गिटहबवर ठेवला, तर पहिल्या मुलाखतीत तिला सांगण्यासारखे काम असेल. साधने स्वतःच प्रोग्रॅम लिहून देऊ लागली असताना, प्रश्न कोणता आहे हे ओळखणाऱ्याला मागणी राहील. आणि २बी का जुळत नाही, हे गल्ल्यामागे बसलेल्या मुलीला त्या साधनापेक्षा आधी कळते.

केंद्रीभूत प्रवेशाची नोंदणी सुरू झाली की तहसील कार्यालयात उत्पन्नाच्या दाखल्यांसाठी रांग लागते आणि दाखला हाती यायला दिवस जातात. थोरले काका उद्या मुलाच्या दाखल्यासाठी तेथे जाणारच आहेत. अर्ज दोन नेले, तरी फेरी एकच पडते.